‘जात कहाँ हो’ : अवकाश, यंत्र आणि आपला आवाज

१

कलाकृतीचे मूल्यमापन करताना ती कोणाच्या अनुभवातून आली हा प्रश्न दलित समीक्षेने प्रथमपासून विचारला आहे. प्रस्थापित समीक्षेला हा प्रश्न अवाङ्मयीन वाटत होता. कलाकृती स्वायत्त असते, तिच्या निर्मात्याचे गाव, घर आणि जात विचारण्याचे कारण नाही, असे आपल्याला सांगितले गेले. आता अशी कलाकृती आपल्यासमोर आली आहे की तिच्या निर्मात्याला गाव नाही, घर नाही आणि जातही नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की ते अर्ध्या मिनिटात संगीत रचून देते. स्वायत्ततावाद्यांनी ज्या निर्मात्याची कल्पना केली होती तो अखेर अवतरला, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखात मला या निर्मात्याची जात विचारावयाची आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याचे. मी कोल्हापुरात मराठी शिकवितो. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी आमच्या पदवीच्या वर्गातील एका मुलाने ‘अंतराळयात्रा’ नावाची तीन मिनिटांची संगीतरचना तयार केली. शुभांशु शुक्ला हे २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहून आले, त्यावरून त्याला हे सुचले होते. या मुलाला वाद्य येत नाही. तो कोणाच्या तालमीत बसलेला नाही. मोबाईलवर त्याने यंत्राला विषय दिला, भाव सांगितला, वाद्ये सांगितली आणि आलेल्या तुकड्यांची जोडणी केली. ती रचना, तिच्याभोवती उठलेले प्रश्न आणि त्याआधी आपल्याच परिसरातून अवकाशात गेलेला एक आवाज, या तिन्हींचा विचार एकत्र केल्याशिवाय मला या विषयावर बोलता येणार नाही.

२

आधी त्या जुन्या आवाजाविषयी.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. दुसरे यान २० ऑगस्टला आणि पहिले ५ सप्टेंबरला निघाले. दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविलेली आहे. परग्रहावरच्या कोणाला कधी ती सापडली तर पृथ्वीची ओळख पटावी हा हेतू. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील एका लहान समितीने तिचा मजकूर निवडला. तिच्यावर ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि जगभरच्या संगीताचे २७ नमुने आहेत, त्यांत भारताचा नमुना एकच आहे. तो म्हणजे केसरबाई केरकरांनी गायिलेली भैरवीतील साडेतीन मिनिटांची रचना, ‘जात कहाँ हो’.

ब्रज भाषेत ‘जात’ म्हणजे ‘जाणे’, म्हणजे ‘कोठे निघालीस’ असा प्रश्न. मराठी कानाला मात्र तो शब्द दुसऱ्याच अर्थाने लागतो. मी ही मुद्रिका प्रथम ऐकली तेव्हा मला हसू आले आणि मग ते मावळले. त्या तबकडीवरच्या एकमेव भारतीय गाण्याच्या आरंभी आपला जुना प्रश्न बसलेला आहे. तो योगायोग आहे, आणि योगायोगावर सिद्धांत उभारू नये हे मला कळते. पण प्रश्न विचारायला हरकत नाही. त्या तबकडीवर जात कोठे आहे?

केसरबाई गोव्यातील केरी या गावच्या. जन्म १८९२. देवळाशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. या समाजातील स्त्रीने गावे, नाचावे आणि तिचे गाणे ऐकणाऱ्यांनी तिला आपल्या घरच्या स्त्रियांच्या पंक्तीला बसवू नये, असा व्यवहार होता. लहान वयात काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून त्यांना अल्लादिया खाँची प्रदीर्घ तालीम मिळाली. अल्लादिया खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर दरबारी आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. ज्या गायकीला आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात ती या शहरात वाढली. या अर्थाने अवकाशात गेलेला आवाज कोल्हापूरचाही आहे.

त्या तबकडीवर आणखी एक आवाज आहे. ब्लाइंड विली जॉन्सन हा टेक्सासमधील काळा, आंधळा, रस्त्यावर गाणारा गायक. त्याचे १९२७ चे शब्दांवाचूनचे हुंकार तिच्यावर आहेत. हा माणूस १९४५ साली दारिद्र्यात मेला. त्याच्या देशाने त्याला माणूस म्हणून बसायला जागा दिली नाही आणि मेल्यावर त्याचा आवाज मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून पाठविला. लुई आर्मस्ट्राँग आणि चक बेरी हेही काळे कलावंत तिच्यावर आहेत. तेव्हा निवड करणारांनी बहिष्कृतांना वगळले, असा आरोप मला करता येत नाही. उलट, देवदासी परंपरेतून आलेली एक स्त्री आणि गुलामांचा एक वंशज एकाच तबकडीवर आहेत, हे मान्य केले पाहिजे.

तरीही तिच्यावर एक गोष्ट नाही. समितीने ठरवून युद्ध, रोगराई आणि दारिद्र्य यांची चित्रे टाळली. पृथ्वीची चांगली बाजू दाखवायची होती. यान निघाल्याला वर्षही झाले नव्हते तोच, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर आपल्या वस्त्या पेटविल्या गेल्या. तबकडीवरच्या पृथ्वीत ती आग नाही. विली जॉन्सनचा आवाज आहे, त्याच्या आवाजात तो हुंकार का आला याचे कारण नाही. केसरबाईंची भैरवी आहे, त्यांच्या आईच्या पिढीचे देऊळ नाही. दुःखातून आलेला सूर घ्यायचा आणि दुःखाचे कारण वगळायचे, ही सभ्य माणसाची जुनी सवय आहे. दलित कवितेच्या बाबतीतही हेच झाले. आमच्या प्रतिमा चांगल्या आहेत असे म्हणणाऱ्यांना प्रतिमांमागचा गावकुसाबाहेरचा रस्ता पाहायचा नसे.

एवढे असूनही त्या तबकडीच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावरील नमुने माणसांनी निवडले. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंचे नाव सुचविले. कोणी निवडले हे आपल्याला माहीत आहे, म्हणून मी आज त्यांच्याशी भांडू शकतो. आणि नोंदीत केसरबाईंचे नाव लिहिलेले आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे पहिले यान निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, त्या वारल्या. ते यान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. नाव मात्र अजून त्यांच्या आवाजाला चिकटलेले आहे.

३

आता यंत्राकडे वळू.

यंत्राने संगीत रचणे ही आजची गोष्ट नाही. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी संगणकाकडून तंतुवाद्यांसाठी एक रचना करवून घेतली होती. व्हॉयेजरच्या तबकडीवरही संगणकाचे काम आहे. ग्रहांच्या गतीतून सुरांचे प्रमाण निघते असे केप्लरने १६१९ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. त्या प्रमाणांना लॉरी स्पीगेल यांनी संगणकाच्या साहाय्याने ध्वनिरूप दिले आणि ते ध्वनी तबकडीवर घेतले गेले. म्हणजे यंत्र, अवकाश आणि संगीत यांचा संबंध केसरबाईंच्या शेजारीच मुद्रित आहे. सहज आठवते म्हणून सांगतो. आकाशाचा सुसंवाद शोधणाऱ्या या केप्लरच्या आईवर त्याच काळात चेटकीण म्हणून खटला चालू होता. आकाशात सुसंवाद आणि जमिनीवर चेटकीण, ही विभागणी आपल्याला अपरिचित नाही.

पूर्वीच्या यंत्राला माणूस नियम सांगत असे. आजच्या यंत्राला नियम सांगत नाहीत, त्याला ऐकवितात. हजारो तासांचे ध्वनिमुद्रित संगीत आकड्यांत रूपांतरित करून त्याच्यासमोर ठेवतात. कोणत्या सुरानंतर बहुधा कोणता सूर येतो, ‘उदास’ या शब्दाबरोबर कोणते ध्वनी आढळतात, ‘अवकाश’ म्हटल्यावर काय वाजते, याचे अंदाज ते मनात साठवते. मनात हा शब्द मी सोयीसाठी वापरला. मग आपण मागू त्या वर्णनाला जुळणारा, सर्वात संभाव्य असा नवा ध्वनी ते तयार करते. मेटा या कंपनीने २०२३ साली काढलेले असे एक यंत्र वीस हजार तासांच्या संगीतावर शिकविलेले होते. सर्व शैलींत आणि सर्व संस्कृतींत हे यंत्र सारखे काम करीत नाही, असे त्याच्या माहितीपत्रकात त्या कंपनीनेच लिहून ठेवले आहे.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते. यंत्राचे अवकाश म्हणजे आकाशातले अवकाश नव्हे. निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही. तेथे ऐकायला काही नाही. व्हॉयेजरने नोंदविलेल्या प्लाझ्मा लहरी शास्त्रज्ञांनी ऐकता येतील अशा करून दाखविल्या आहेत, पण तीही रूपांतरेच आहेत. लांबलचक खर्ज, घुमणारा प्रतिध्वनी, सावकाश चढत जाणारी तंतुवाद्ये, ही जी ‘अवकाशाची’ म्हणून आपल्या कानात बसलेली भाषा आहे ती १९६८ च्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’सारख्या चित्रपटांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या शेकडो चित्रपटांनी घडविली. यंत्र तीच भाषा सरासरी काढून परत देते. जे मुद्रित झाले त्याचीच सरासरी निघते. जे मुद्रित झाले नाही त्याला सरासरीतही जागा नाही.

माझ्या विद्यार्थ्याची रचना पहिली दीड मिनिटे अशीच आहे. ऐकायला वाईट नाही. कोठे खटकत नाही, हाच तिचा दोष आहे. अंतराळात निघालेल्या माणसाच्या छातीतली धडधड तीत नाही, मागे राहिलेल्यांची काळजी नाही. विस्मय आहे, पण तो भाड्याने आणल्यासारखा आहे.

पुढे काय झाले ते त्याने मला सांगितले. यान सुटण्याच्या क्षणाला त्याला हलगी हवी होती. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला हे सुचणे स्वाभाविक आहे. शाहू महाराजांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी, घुमके आणि कैताळ यांचा जो कडकडाट होतो तो ज्याने ऐकला आहे त्याला उड्डाणासाठी दुसरा ध्वनी आठवणारच नाही. त्याने यंत्राला हलगी मागितली. “सर, हलगी लिहिली की ढोल येतोय,” तो म्हणाला. मराठीत लिहिले, हिंदीत लिहिले, इंग्रजीत वर्णन करून लिहिले. कधी ढोल आला, कधी तबल्यासारखे काही आले, एकदा आफ्रिकन ढोलकाचा ताल आला. हलगी आली नाही.

अल्लादिया खाँच्या आवाजाची एकही मुद्रिका नाही. तरी त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून मुद्रित झाली आणि यानात बसून गेली, कारण ती शिकण्याला प्रतिष्ठा होती, ती ऐकायला कंपन्या होत्या. त्याच राजाच्या काळात, त्याच शहरात, त्याच्याच मैदानात हलगीही वाजत होती. मैदानात पैलवानाचे नाव पुकारतात, वस्तादाचे नाव पुकारतात, इनाम देणाऱ्याचे नाव तर दोनदा पुकारतात. हलगीवाल्याचे नाव पुकारलेले मी आजवर ऐकलेले नाही. जो ध्वनी नावावाचून वाजला तो नावाने शोधणाऱ्या यंत्राला कसा सापडावा?

४

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. यंत्र प्रस्थापितांचे आहे, त्यात आपण नाही, सबब त्याचा निषेध असो, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण दोन गोष्टी मला असे करू देत नाहीत.

पहिली गोष्ट अशी. माझ्या एका सहकाऱ्याशी मी या विषयावर तावातावाने बोलत होतो. त्यांनी मला विचारले, “आपल्या पोरांना गाणं शिकवायला आजवर कोण बसलं होतं?” मला उत्तर देता आले नाही. घराण्याच्या तालमीला वेळ, पैसा, ओळख आणि आडनाव लागते. या मुलाला यांपैकी काही नाही. त्याच्या हातात मोबाईल आहे आणि डोक्यात यान आहे. यंत्राने त्याला दार उघडून दिले हे सत्य आहे. गुरूने अंगठा न मागता काही दिले अशी ही आपल्या परंपरेतील पहिलीच वेळ असेल, असे तो सहकारी म्हणाला. मी त्यांना एवढेच म्हणालो की, अंगठा मागितला आहे. तो कोणाचा, ते अजून कळलेले नाही.

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे. माझे आजोबा हलगी वाजवीत. गावात लग्न असो, जत्रा असो, मर्तिक असो, निरोप आला की जावे लागे. ती कला होती की नाही हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. ते गावकीचे काम होते. न गेल्यास काय होई हे ते सांगत नसत. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली, मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी आपल्याला बाबासाहेबांचे नेतृत्व दाखवून दिले, महाडला १९२७ साली पाणी पेटले, तरी गावची रीत एका दिवसात मोडली नाही. मेलेली ढोरे ओढू नका, सक्तीने वाजवू नका, ही हाक वस्त्यावस्त्यांतून फिरत राहिली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी हलगी खाली ठेवली आणि पुन्हा हातात घेतली नाही. “हलगी सुटली तवाच पाटी आली,” असे ते म्हणत. त्या पाटीवर माझे वडील चौथीपर्यंत शिकले आणि मी पदवीपर्यंत पोचलो.

म्हणून हलगी यंत्रात नाही याचे कारण केवळ त्यांनी वगळले एवढेच नाही. काही घरांनी ती आपण होऊन थांबविली. ते थांबविणे अपमानाला दिलेले उत्तर होते. आजोबांच्या शांततेला मी आमच्या चळवळीच्या इतिहासातील एक रचना मानतो. यंत्राच्या दृष्टीने ही शांतता म्हणजे माहितीचा अभाव आहे. लादलेले मौन आणि निवडलेले मौन यांतला भेद त्याला करता येत नाही. दलित समीक्षेला मात्र तो करता आलाच पाहिजे, कारण आपला अर्धा इतिहास या भेदात आहे.

आणि येथे मला माझीही एक चूक सांगितली पाहिजे. महाविद्यालयात प्रवेश घेताना एका अर्जावर घराण्याचा पूर्वापार व्यवसाय लिहायचा होता. मी ‘शेतमजुरी’ लिहिले. आजोबांनी हलगी अभिमानाने सोडली होती. मी ती लाजेने पुसून टाकली. या दोन कृती बाहेरून सारख्या दिसतात, पण त्या सारख्या नाहीत.

५

विद्यार्थ्याच्या रचनेकडे परत येतो. यंत्राने हलगी दिली नाही तेव्हा त्याने दुसरा मार्ग काढला. त्याच्या चुलत्यांच्या घरी हलगी अजून आहे. आमच्या घरात सुटली, त्यांच्या घरात राहिली. आपल्यातल्याच दोन जातींचे हे दोन रस्ते आहेत आणि त्यांवर आपण एकमेकांशी पुरेसे बोललेलो नाही. एका संध्याकाळी त्याने अंगणात चुलत्यांना वाजवायला बसविले आणि मोबाईलवर मुद्रण केले. ते त्याने यंत्राच्या संगीतावर चढविले.

रचनेत दीड मिनिटानंतर हलगी येते आणि तेथून तिचा नूर बदलतो. यंत्राचा ताल घड्याळासारखा आहे, चुलत्यांचा तसा नाही. ते पुढे सरकतात, मागे ओढतात, यंत्राची तंतुवाद्ये त्यांच्यामागून फरफटत येतात. मध्येच हलगी थांबते. गारठ्याने कातडे उतरले होते. ते विस्तवावर शेकावे लागते. मुद्रणात चुलत्यांचा आवाज आहे, “थांब, जरा शेकू दे.” मुलाने तो काढून टाकला नाही. वीस सेकंद फक्त यंत्राचा खर्ज ऐकू येतो, त्याखाली जाळाची चरचर, आणि मग हलगी पुन्हा, पहिल्यापेक्षा चढी. परीक्षकांपैकी एकाने तेवढा ‘दोष’ काढायला हवा होता असे म्हटले. माझ्या मते संपूर्ण रचनेत अवकाशप्रवासाचे सत्य असलेली जागा ती एकच आहे. यान सुटण्यापूर्वी मोजणी थांबवावी लागते, कोठे काही उतरलेले असते, ते तपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. हे यंत्राने रचलेले नाही. कातड्याने आणि विस्तवाने रचले आहे. आणि ते ठेवायचे असे त्या मुलाने ठरविले. त्या निर्णयासाठी मी त्याला संगीतकार म्हणतो.

कार्यक्रमपत्रिकेसाठी त्याने मजकूर आणून दिला. त्यात लिहिले होते, ‘संगीत : कृत्रिम बुद्धिमत्ता. संयोजन :’ आणि पुढे त्याचे नाव. मी विचारले, “चुलत्यांचं नाव कुठं आहे?” तो गोंधळला. “सर, ते काय कलाकार हायत व्हय? ते आपलं मैदानात वाजवत्यात.”

मला त्याच्यावर रागावता आले नाही. तो अर्ज मला आठवला.

यंत्राला नाव आणि माणसाला नाही, ही त्या मुलाची कल्पना नव्हे. ती व्यवस्थेची आहे. श्रम घ्यायचे आणि नाव द्यायचे नाही, याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. यंत्र ज्या हजारो वादकांच्या मुद्रणांवर शिकते त्यांची नावे आपल्याला दिसत नाहीत. येथे जातिव्यवस्थेची एक जुनी कार्यपद्धती नव्या साधनाने चालू आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्यांच्याजवळ बळ आहे ते याविरुद्ध भांडतात. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या यंत्रांच्या कंपन्यांवर दावे लावले आणि २०२५ मध्ये त्यांपैकी काहींनी तडजोडी केल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या यंत्रकृत नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही दिले. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांची संमती घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले. म्हणजे रीत अशक्य नाही. पण दाव्यासाठी आधी नाव लागते. हलगीवाल्याचा दावा कोणाच्या नावाने लावायचा?

तेव्हा नाव दिलेच पाहिजे, असे मी त्या मुलाला सांगितले आणि त्याच्याबरोबर चुलत्यांच्या घरी गेलो. त्यांनी रचना ऐकली. शेकण्याची जागा आली तेव्हा हसले. नावाचे काढल्यावर मात्र गंभीर झाले. “नाव नगं सर. पोरीचं लगीन ठरायचं हाय. सोयरं म्हणतील, ही अजून वाजवत्यात.”

मी नाव देण्याचा आग्रह धरून गेलो होतो आणि ज्याचे नाव त्यालाच ते नको होते. मला केसरबाई आठवल्या. आपल्या गाण्याची नक्कल होऊ नये म्हणून त्या ध्वनिमुद्रण आणि रेडिओ यांबाबत फार सावध असत. शिकविले तेही एकाच शिष्येला, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना. या स्वभावाला पुष्कळांनी गर्व म्हटले. ज्या समाजातील स्त्रीला ‘गा’ म्हटल्यावर नाही म्हणायची मुभा नव्हती, त्या समाजातील एका स्त्रीने नाही म्हणण्याचा अधिकार मिळविला, असे मी म्हणतो. आजोबांनी हलगी ठेवली तोही तोच अधिकार होता. चुलते मागत होते तोही तोच.

म्हणून यंत्राच्या कलेविषयी आपली मागणी नुसत्या समावेशाची असू नये. आमची हलगीही तुमच्या साठ्यात घ्या, एवढेच म्हटले तर उद्या ती घेतली जाईल, अवकाशाच्या विस्मयाला खमंग मसाला म्हणून वापरली जाईल आणि शेकण्याची वीस सेकंदे काढून टाकली जातील. मागणी दोन अधिकारांची असली पाहिजे. नाव लावण्याचा अधिकार आणि नाही म्हणण्याचा अधिकार. हे दोन्ही वाजविणाऱ्याच्या हातात असले तर यंत्र हे हत्यार आहे. नसले तर ती नवी गावकी आहे. आपल्या वस्त्यांतील हलगी, डिमडी, संबळ, पिपाणी वाजविणाऱ्यांची मुद्रणे आपण करावीत, वाजविणाऱ्यांना विचारून, त्यांच्या अटी लिहून घेऊन आणि ज्यांनी वाद्य खाली ठेवले त्यांचे कारणही त्याच वहीत नोंदवून. हे काम विद्यापीठांची वाट न पाहता करता येते. आपल्या मुलांजवळ त्यासाठी लागणारे साधन खिशात आहे.

स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत अखेर असे छापले गेले : ‘यंत्रसंगीताची निवड व जोडणी’, पुढे त्या मुलाचे नाव. त्याखालची ओळ त्याने स्वतः लिहिली होती. ‘हलगी : वादकांनी नाव न देण्यास सांगितले आहे.’ पत्रिका वाचून दोन-तीन प्राध्यापकांनी मला विचारले की हे कोण, नाव का नाही. आजवर हलगीवाल्याचे नाव विचारलेले मी ऐकले नव्हते.